साप्रीची सरवा वेचणारी

दक्षिण इटलीच्या समुद्रकाठी साप्री नावाचे एक लहान गाव आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये तेथे किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर एका स्त्रीच्या ब्राँझच्या पुतळ्याचे अनावरण झाले. समारंभाला इटलीचे माजी पंतप्रधान ज्युझेप्पे कोंते उपस्थित होते. पुतळा होता तो गावाच्या इतिहासाशी निगडित असलेल्या एका कवितेतील नायिकेचा. आणि ही नायिका कोणी राणी, संत वा देवता नसून सुगीनंतर शेतात पडून राहिलेली कणसे वेचून पोट भरणारी एक मजूर बाई होती. शेतमजूर स्त्रीचा पुतळा गावाच्या दर्शनी जागेवर उभा राहावा आणि त्यासाठी देशाच्या माजी पंतप्रधानांनी यावे, ही घटना कोणत्याही समाजवाद्याला समाधान देणारी ठरायला हवी होती. घडले ते नेमके उलटे. दोन दिवसांत हा पुतळा इटलीतील स्त्री-चळवळीच्या संतापाचा विषय झाला आणि त्याची चर्चा जगभर पसरली.

कारण उघड होते. शिल्पकार एमानुएले स्तिफानो यांनी घडवलेल्या या स्त्रीच्या अंगावरचे वस्त्र इतके तलम आणि अंगाला इतके चिकटलेले आहे, की ते नसते तरी फारसा फरक पडला नसता. विशेषतः मागून पाहणाऱ्याच्या दृष्टीला शरीराच्या घडणीखेरीज दुसरे काही पडतच नाही. अनावरणाच्या प्रसंगीच्या छायाचित्रांत पुतळ्याभोवती दिसतात ते बहुतांशी पुरुष पुढारी. इटालियन लोकप्रतिनिधीगृहाच्या माजी अध्यक्ष लाउरा बोल्द्रीनी यांनी हा स्त्रियांचा आणि ज्या इतिहासाचा गौरव करावयाचा त्या इतिहासाचाही अपमान आहे, असा आक्षेप घेतला. सिनेटच्या सदस्य मोनिका चिरिन्ना यांनी अधिक नेमके बोट ठेवले. जुलमी राजवटीविरुद्ध उभे राहण्यासाठी हातचे काम टाकून निघालेल्या स्त्रीच्या स्वयंनिर्णयाचा या पुतळ्यात मागमूसही नाही, अशी त्यांची तक्रार होती. पुतळा हलवावा, काढून टाकावा, अशाही मागण्या झाल्या. गावच्या महापौरांनी पुतळ्याची बाजू घेतली. शिल्पकाराने आपल्या समर्थनार्थ निवेदन केले. आणि मग नेहमीप्रमाणे दोन तट पडले: एकीकडे स्त्रीची प्रतिष्ठा, दुसरीकडे कलेचे स्वातंत्र्य. एका तटाने दुसऱ्यास असंस्कृत म्हणावे, दुसऱ्याने पहिल्यास सोवळे म्हणावे, आणि वाद जेथे सुरू झाला तेथेच संपावा, असा या वादांचा ठरलेला मार्ग आहे.

या मार्गाने जाण्यापूर्वी ही बाई कोण होती हे पाहणे अगत्याचे आहे.

१८५७ हे वर्ष भारतीय वाचकाला वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. त्याच वर्षी, मीरत आणि दिल्ली पेटल्यानंतर सुमारे सात आठवड्यांनी, कार्लो पिसाकाने नावाचा नेपल्सचा एक क्रांतिकारक मूठभर सहकाऱ्यांसह जिनोआहून ‘काल्यारी’ नावाच्या जहाजाने निघाला. पिसाकाने हा इटलीच्या आद्य समाजवाद्यांपैकी एक. राष्ट्र स्वतंत्र व्हावे एवढ्यावर तो संतुष्ट नव्हता. खाजगी मालकीने निर्माण केलेले दारिद्र्य तसेच राहणार असेल तर राजा बदलून शेतकऱ्याला काय मिळणार, असे त्याचे विचारणे होते. वाटेत पोंझा बेटावरच्या तुरुंगातून त्याने तीनशेहून अधिक कैदी सोडवले आणि २८ जून रोजी साप्रीच्या किनाऱ्यावर तो उतरला. दक्षिणेतील दरिद्री शेतकरी आपल्याला पाहताच उठाव करतील, ही त्याची खात्री होती. उठाव झाला नाही. १ जुलैला पादुला येथे राजाच्या सैन्याने या तुकडीचा धुव्वा उडवला, आणि दुसऱ्याच दिवशी सान्झा गावाजवळ तिचा जो शेवट झाला तो सैनिकांच्या हातून नव्हे. हे लुटारू आले आहेत अशी गावकऱ्यांची समजूत करून देण्यात आली होती. ज्यांच्या मुक्तीसाठी पिसाकाने आला त्याच शेतकऱ्यांनी विळे-कुऱ्हाडी घेऊन त्याच्या माणसांना गाठले. तो स्वतःही तेथेच संपला.

ही हकीकत कोणत्याही पक्षकार्यकर्त्याने पुन्हा पुन्हा वाचावी अशी आहे. पण येथे तिचा संबंध वेगळा आहे. या पराभवानंतर थोड्याच काळात लुइजी मेर्कान्तीनी या कवीने एक कविता लिहिली. तिची निवेदक आहे सरवा वेचणारी एक स्त्री. सकाळी कामाला निघालेली असताना तिला जहाज दिसते, उतरणारी माणसे दिसतात, त्यांचा सोनेरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा तरुण नायक दिसतो. ती पुढे होऊन त्याचा हात धरते, कोठे निघालात म्हणून विचारते; तो तिला बहीण म्हणून उत्तर देतो. ती काम सोडून त्यांच्या मागे जाते आणि अखेरीस त्यांचे मरण पाहते. ही कविता इटलीतल्या कित्येक पिढ्या शाळेत शिकल्या. ऐतिहासिक पुराव्यात अशी बाई सापडत नाही. प्रत्यक्षात ग्रामीण कष्टकरी उलट्या बाजूस होते. कवीने जणू त्या दगाफटक्याची भरपाई म्हणून एक कष्टकरी स्त्री कल्पनेने निर्माण केली आणि तिला क्रांतीची साक्षीदार केले.

या कवितेतील एक गोष्ट साप्रीच्या वादात जवळजवळ दुर्लक्षित राहिली. कवितेत पाहणारी ती आहे. पुरुषाच्या रूपाचे वर्णन ती करते, प्रश्न ती विचारते, कोणाच्या मागे जायचे याचा निर्णय ती घेते आणि घडलेले सांगतेही तीच. पुरुष सुंदर आहे, आणि मरणार आहे. ती जिवंत आहे, आणि पाहते आहे. दीडशे वर्षांनंतर तिचा पुतळा झाला तेव्हा ही मांडणी संपूर्ण उलटली. डोळे तिचे होते ते प्रवाशांचे झाले आणि पाहिले जाण्याचे काम तिच्या वाट्याला आले. वस्तूकरण म्हणतात ते हेच. आणि ते होण्यासाठी वस्त्र किती इंच तोकडे आहे याचा हिशेब आवश्यक नाही.

दुसरी गोष्ट तिच्या कामाची. सरवा हा शब्द महाराष्ट्रातील शहरी तरुणाला कदाचित कोशात पाहावा लागेल. खेड्यातल्या मजूर बाईला तो सांगावा लागत नाही. पीक काढून झाले, मालकाने धान्य घरी नेले, की रानात जी कणसे, ज्या शेंगा मागे राहतात त्या वेचायला बायका आणि पोरे जातात. भुईमुगाच्या रानात मातीत अडकलेली एकेक शेंग उकरून काढावी लागते. दिवसभर वाकून पदरात पडते ते पायली-दोन पायली. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात या उत्पन्नाचा रकाना नाही, कारण ते मजुरी नव्हे, नफा नव्हे, खंडही नव्हे. पण ज्या घरात मजुरीचे दिवस संपल्यावर चूल पेटायची असते, त्या घराच्या वर्षाच्या ताळेबंदात त्याचे स्थान मोठे असते. शेताचे कोपरे कापू नका आणि पडलेली कणसे गोळा करू नका, ती दरिद्री आणि परक्या माणसांसाठी ठेवा, अशी आज्ञा यहुद्यांच्या धर्मग्रंथात आहे. महाभारतातही उंछवृत्तीने, म्हणजे शेतात सांडलेले दाणे टिपून, राहणाऱ्या कुरुक्षेत्रातील एका ब्राह्मणाची कथा आहे. त्याने अतिथीला दिलेल्या सातूच्या पिठापुढे युधिष्ठिराचा अश्वमेध फिका पडला, हे अर्धे अंग सोन्याचे झालेल्या मुंगसाने भर यज्ञमंडपात सांगितले. दाणे टिपणारा पुरुष असला की ती तपश्चर्या होते. बाईने टिपले की तो नुसता सरवा.

सरवा वेचणे हा हक्क की दान, हा वादही जुना आहे. इंग्लंडमध्ये सफोक परगण्यातील मेरी हाउटन नावाच्या एका गरीब घरच्या स्त्रीवर शेतमालकाने याच कारणाने फिर्याद केली आणि १७८८ साली न्यायालयाने बहुमताने निर्णय दिला, की सामान्य कायद्यात असा कोणताही हक्क नाही. शेतातील पडलेले कणीसही मालकाचेच! शेतजमिनीवरील खाजगी मालकीची कल्पना किती पक्की झाली हे दाखवणारा हा निवाडा आहे. पुढे १८४२ मध्ये तरुण मार्क्सने ऱ्हाइन प्रांतातील जंगलात पडलेली लाकडे गोळा करणाऱ्यांवर चोरीचे खटले भरणाऱ्या कायद्याविरुद्ध जे लेख लिहिले ते याच प्रश्नाचे दुसरे रूप होते. सारांश, सरवा वेचणारी स्त्री ही निसर्गचित्रातील शोभेची बाहुली नव्हे. मालकी आणि भूक या दोहोंच्या सीमेवर ती वाकलेली असते.

हे एका चित्रकाराने ओळखले होते. योगायोग असा, की तेही १८५७ सालीच. फ्रान्सच्या मिले या चित्रकाराने त्या वर्षी पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनात सरवा वेचणाऱ्या तीन स्त्रियांचे चित्र मांडले. दोघी कमरेतून पूर्ण वाकलेल्या आहेत, तिसरी अर्धवट उठलेली. चेहरे जवळजवळ दिसतच नाहीत. अंगावर जाडेभरडे कपडे. दूर मागे मालकाच्या धान्याच्या प्रचंड गंजी आणि घोड्यावर बसलेला मुकादम. चित्रात कोणी कोणाला मारीत नाही, कोणी घोषणा देत नाही. तरीही पॅरिसच्या प्रतिष्ठितांपैकी अनेकांना ते चित्र रुचले नाही. १८४८ च्या क्रांतीची आठवण त्यांच्या मनात ताजी होती आणि या तीन वाकलेल्या पाठींत त्यांना धोका दिसला. मिलेच्या बायकांचे शरीरच त्या चित्राचा विषय आहे. दुखणाऱ्या कमरेची जाणीव पाहणाऱ्याला व्हावी इतके ते शरीर तेथे हजर आहे. शरीर आहे म्हणून वस्तूकरण झाले, असे जे मानतात त्यांनी हे चित्र लक्षपूर्वक पाहावे.

आता स्तिफानो यांचे म्हणणे ऐकू. त्यांचे निवेदन प्रामाणिक आहे, आणि म्हणूनच बोधप्रद आहे. स्त्री असो वा पुरुष, मूर्ती घडवताना शरीर शक्य तितके कमी झाकण्याकडे आपला कल असतो, असे ते म्हणतात. पुतळा समुद्रकाठी उभा राहणार होता म्हणून समुद्रावरच्या वाऱ्याचा उपयोग त्यांनी लांब झग्याला गती देण्यासाठी आणि शरीररेषा उठावदार करण्यासाठी केला. एकोणिसाव्या शतकातील शेतकरी बाईची हुबेहूब प्रतिमा घडवणे हा त्यांचा हेतू नव्हता. स्त्रीचा एक आदर्श उभा करावा, तिचा अभिमान आणि जागी होणारी जाणीव दाखवावी, हा होता. शिवाय ज्यांनी काम सोपवले त्यांनी नमुना पसंत केलेला होता.

या निवेदनातला मर्माचा भाग वाऱ्याचा नव्हे, आदर्शाचा आहे. शेतकरी बाई आणि ‘स्त्रीचा आदर्श’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिलीचे दुसरीत रूपांतर करायचे तर तिच्या अंगावरची कामाची चिन्हे पुसावी लागतात, हे शिल्पकाराला इतके स्वाभाविक वाटले की ते त्यांनी समर्थन म्हणून सांगितले. उन्हाने रापलेली कातडी, वाकून वाकून पुढे आलेले खांदे, रुंदावलेले तळपाय हे सारे ‘हुबेहूब’च्या खात्यात गेले आणि उरलेले घोटीव अंग आदर्शाच्या खात्यात जमा झाले. पायथ्याचा फलक न वाचणाऱ्या प्रवाशाला ती समुद्रस्नानाला आलेली तरुणी वाटली तर त्याला दोष देता येणार नाही. साप्रीच्या पुतळ्यावरून उतरवलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वस्त्र नसून श्रम आहे.

अमेरिकन तत्त्वज्ञ मार्था नुसबाम यांनी १९९५ सालच्या एका निबंधात माणसाला वस्तू समजण्याचे सात प्रकार वेगळे करून दाखवले. त्यांपैकी एक प्रकार अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला लगेच ओळखू येईल: एकीच्या जागी तशीच दुसरी चालणे. धान्याचे एक पोते दुसऱ्या पोत्यासारखे असते, म्हणूनच त्याचा बाजारभाव ठरतो. मराठीत बाजारात आलेल्या अशा वस्तूला माल म्हणतात. रस्त्यावरच्या टवाळांच्या तोंडी हाच शब्द येणाऱ्या-जाणाऱ्या मुलीसाठी असतो. त्यांनी अर्थशास्त्र वाचलेले नसते, पण शब्द मात्र अचूक निवडलेला असतो. मालाचे वैशिष्ट्य मार्क्सने सांगितले ते असे, की त्याच्याकडे पाहताना तो निर्माण करणारे श्रम दिसेनासे होतात. साप्रीच्या पुतळ्यात हेच एका माणसाच्या बाबतीत झाले आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. स्त्री-देहाच्या शिल्पाला विरोध करणारे सगळेच स्त्रीच्या बाजूचे नसतात. नवी दिल्लीत संसद मार्गावर रिझर्व्ह बँकेच्या इमारतीसमोर रामकिंकर बैज यांनी घडवलेले यक्ष आणि यक्षी उभे आहेत. यक्षी विवस्त्र आहे म्हणून त्या काळी सभ्य समाजात नाराजी उमटली आणि प्रश्न राज्यसभेपर्यंत गेला. त्या यक्षीचे मूळ प्राचीन शिल्पपरंपरेत आहे. ती स्थूल, भरदार, सुगीचे प्रतीक म्हणून उभी आहे, आणि कोणाला रिझवण्याचा तिचा प्रयत्न नाही. तिला वस्त्र नेसवल्याने कोणत्याही स्त्रीची प्रतिष्ठा वाढली नसती. सोवळेपणाचा विरोध आणि समतेचा विरोध एकाच मोर्चात चालू लागले की पहिला दुसऱ्याला गिळतो. जो आज पुतळा झाकायला सांगतो तो उद्या मुलींना झाकायला सांगेल. तेव्हा साप्रीच्या पुतळ्याला विरोध करताना नग्नता हा मुद्दा समाजवाद्यांनी दुसऱ्यांसाठी सोडून द्यावा हे बरे.

त्याच रामकिंकरांचे दुसरे शिल्प या संदर्भात फार मोलाचे आहे. शांतिनिकेतनात १९५६ साली त्यांनी गिरणीच्या भोंग्याच्या हाकेला धावणाऱ्या दोन संथाळ स्त्रिया घडवल्या. सिमेंट आणि जांभ्या दगडाचे खडे एवढेच साहित्य. ब्राँझचा खर्च झेपणारा नव्हता. मागून एक पोर धावते आहे. वारा येथेही आहे, आणि तोही वस्त्राला गती देतो. परंतु तो शरीररेषा दाखवण्यासाठी आणलेला नाही. त्या बायका धावत आहेत म्हणून वारा आहे. उशीर झाला तर दिवसाची मजुरी बुडेल म्हणून त्या धावत आहेत. त्यांचे देह मोकळे, रांगडे, देखणे आहेत आणि पाहणाऱ्याकडे लक्ष द्यायला त्यांना सवड नाही. बांकुडा जिल्ह्यातील नाभिकाच्या घरी जन्मलेल्या शिल्पकाराला जे दिसले ते कलाशाळेत शिकवून येत नाही, असे म्हणण्याचा मोह होतो. पण ते खरे नाही. चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यावर देवीप्रसाद रायचौधुरी यांचे ‘श्रमाचा विजय’ हे १९५९ मधील प्रसिद्ध शिल्प आहे. चार मजूर प्रचंड शिळा हलवीत आहेत. ताकदीचे, जिवंत काम आहे. त्या चौघांत स्त्री नाही. दगड फोडणाऱ्या आणि वाहणाऱ्या बायका साऱ्या भारतात रस्तोरस्ती दिसत असताना श्रमाच्या विजयात त्यांना जागा मिळू नये आणि कामगार चळवळीला हे खटकूही नये, याची नोंद घेतलेली बरी.

समाजवादी छावणीची जबाबदारी येथे संपत नाही. १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनात सोव्हिएत मंडपाच्या माथ्यावर वेरा मुखिना या शिल्पकर्तीने घडवलेले ‘कामगार आणि सामुदायिक शेतावरील स्त्री’ हे पोलादी शिल्प उभे राहिले. उंची सुमारे चोवीस मीटर. कामगाराच्या हाती हातोडा, स्त्रीच्या हाती विळा, दोघे खांद्याला खांदा लावून पुढे झेपावत आहेत. पुतळ्यात स्त्रीला पुरुषाची बरोबरीण म्हणून एवढ्या भव्य प्रमाणात तोवर क्वचितच कोणी दाखवले असेल. जगभरच्या पुरोगामी मंडळींनी या शिल्पाची छायाचित्रे भिंतीवर लावली. पण हे शिल्प उभे राहण्याच्या पाच वर्षे आधी, ७ ऑगस्ट १९३२ रोजी, त्याच राज्याने सामुदायिक मालमत्तेच्या रक्षणाचा कायदा केला होता. लोकांनी त्याला ‘कणसांचा कायदा’ असे नाव दिले, कारण सामुदायिक शेतावरची मूठभर कणसे उचलणाराही त्याच्या कचाट्यात सापडे. शिक्षा मृत्यूची, आणि सौम्य करायची झाल्यास दहा वर्षांच्या बंदिवासाची. दुष्काळ तोंडावर असताना ज्या बायका पोरांसाठी सरवा वेचायला रात्री शेतात शिरल्या त्यांना या कायद्याने चोर ठरवले. १७८८ च्या इंग्लिश न्यायालयाने नुसता हक्क नाकारला होता. कामगारांच्या राज्याने त्याच्यापुढे मजल मारली. ज्यांच्या अंगावर भरपूर कपडे आहेत, हातात अवजार आहे आणि चेहऱ्यावर निर्धार आहे, अशा पुतळ्यातही जिवंत स्त्रीची वस्तू होऊ शकते. तेथे ती पुरुषाच्या नजरेची वस्तू नसून राज्याच्या जाहिरातीची असते, एवढाच फरक.

माणसाच्या जागी अवजार पाहण्याची सवय महाराष्ट्रालाही नवी नाही. ऊसतोडणीच्या हंगामात नवरा-बायकोच्या जोडीला मुकादमाच्या वहीत ‘एक कोयता’ म्हणतात. उचल दिली जाते ती कोयत्याला. कामात खंड पडू नये म्हणून बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रिया मोठ्या संख्येने गर्भाशय काढून टाकत असल्याचे २०१९ मध्ये राज्याच्या समितीपुढे आले तेव्हा काही दिवस हळहळ झाली. हा उल्लेख पुतळ्याचा प्रश्न क्षुल्लक ठरवण्यासाठी नाही. ‘बायका उपाशी असताना पुतळ्यांचे काय घेऊन बसलात’ हा युक्तिवाद चळवळीतल्या पुरुषांनी पुष्कळ वेळा करून पाहिला आहे, आणि तो बहुधा उपाशी बायकांसाठी केलेला नसतो. उल्लेख एवढ्यासाठी, की वहीतला कोयता आणि किनाऱ्यावरचा आदर्श या दोन्हींत बाई दिसत नाही.

शिल्पकार स्त्री असली म्हणजे प्रश्न सुटतो, असेही नाही. लंडनमध्ये मेरी वोलस्टनक्राफ्ट या स्त्रीहक्कांच्या आद्य पुरस्कर्तीचे स्मारक व्हावे म्हणून दहा वर्षे लोकांनी खटपट केली, सुमारे १,४३,००० पौंड जमवले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये न्यूइंग्टन ग्रीन येथे मॅगी हॅम्बलिंग यांचे शिल्प उभे राहिले. धातूच्या एका उसळत्या लोटातून वर आलेली एक लहानशी विवस्त्र स्त्री. हे वोलस्टनक्राफ्टचे व्यक्तिशिल्प नसून तिच्यासाठी केलेले शिल्प आहे, ही सर्वसामान्य स्त्री आहे आणि कपडे माणसाला विशिष्ट काळात अडकवतात, असे हॅम्बलिंग यांचे म्हणणे. विचार म्हणून ते टाकाऊ नाही. पण कोणत्याही तत्त्ववेत्त्या पुरुषाचे स्मारक करताना त्याचा कोट कोणाला अडचणीचा वाटल्याचे उदाहरण क्वचितच सापडेल. ब्रिटनमधील पुतळ्यांच्या एका नोंदणीची २०१६ मध्ये छाननी झाली तेव्हा ९२५ पुतळ्यांत राजघराण्याबाहेरच्या खऱ्याखुऱ्या ऐतिहासिक स्त्रियांचे स्वतंत्र पुतळे भरले अवघे २५. न्याय, विजय, शांती अशा अमूर्त कल्पनांना मात्र स्त्रीदेह सढळ हाताने वापरलेला. नाव असलेल्या स्त्रीला जागा नाही आणि निनावी स्त्रीला वस्त्र नाही, अशी ही विभागणी असताना वोलस्टनक्राफ्टलाही निनावी करणे हे अनेक स्त्रियांना झोंबले, यात नवल नाही.

आणि पुतळ्याला लोक काय करतात, हेही पाहावे लागते. डब्लिनमध्ये मॉली मलोन या गीतातल्या मासळीविक्रेतीचा पुतळा १९८८ पासून उभा आहे. जीन रिनहार्ट या स्त्रीनेच तो घडवला. हातगाडी आहे, टोपल्या आहेत, बाई कामावर आहे. गळा मात्र खोल आहे. स्पर्श केल्याने दैव उघडते अशी भाकडकथा प्रवाशांत रूढ झाली आणि वर्षानुवर्षांच्या हातांनी ब्राँझचा काळपट थर छातीपुरता निघून तेवढा भाग सोन्यासारखा चकाकू लागला. अखेर २०२५ च्या मे महिन्यात नगरपालिकेला पुतळ्याजवळ काही दिवस माणसे उभी करून लोकांना समजवावे लागले. धातू खोटे बोलत नाही. हातगाडीची मूठ कोणी घासलेली नाही.

मग साप्रीचा पुतळा उखडावा काय? ती मागणी समाजवाद्यांनी करू नये. आज एका पुतळ्यावर पडणारी कुऱ्हाड उद्या कोणत्या यक्षीवर पडेल ते सांगता येत नाही, आणि शिल्पकाराचा कल न आवडणे हा त्याला शिक्षा करण्याचा आधार होऊ शकत नाही. आपल्या कार्यशाळेत त्याने काय घडवावे हे त्याने ठरवावे. परंतु सार्वजनिक जागा ही त्याची कार्यशाळा नव्हे. तेथे काय उभे राहावे हे ठरवण्याचा अधिकार नागरिकांचा आहे, आणि तो अधिकार अनावरणानंतरच्या संतापाने बजावता येत नाही. काम सोपवण्याच्या वेळी बजावावा लागतो. महाराष्ट्रात सार्वजनिक ठिकाणी पुतळा उभारायचा तर त्याच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. पुढाऱ्याचा पुतळा असला की चेहरा जुळतो की नाही हे पाहायला अनुयायी गर्दी करतात, नाक जरा बसके वाटले तर मोर्चे निघतात. उद्या एखाद्या तालुक्याच्या ठिकाणी शेतमजूर बाईचे शिल्प करायचे ठरले, तर तिचा नमुना जुळतो की नाही हे कोणी सांगायचे? नगरपालिकांत आणि जिल्हा परिषदांत बसणाऱ्या पक्षाच्या कार्यकर्त्यांना या प्रश्नाचे उत्तर अवघड नसावे. मातीचा नमुना चार दिवस बाजारच्या पटांगणात ठेवावा, आणि रोजंदारीवरून परतणाऱ्या बायकांना त्याच्याभोवती फिरून पाहू द्यावे. पुढूनही आणि मागूनही. त्या काय म्हणतील ते लिहून घ्यावे आणि ते कागद शिल्पकाराच्या हाती द्यावेत. साप्रीतला नमुना ज्यांनी पसंत केला त्यांत शेतात वाकून काम केलेली एक तरी बाई होती काय, हे रोमच्या संसदेतल्या सदस्यांनी विचारण्याआधी साप्रीच्या नगरपालिकेत कोणीतरी विचारायला हवे होते, आणि तेही ब्राँझ ओतण्यापूर्वी.